पॉलिसी ‘लागत नाही’, त्यामागचा इतिहास

डोमेनमधल्या (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज नेटवर्कमधल्या) एखाद्या मशीनवर पॉलिसी लागली नाही की आधी ‘जीपीअपडेट /फोर्स’ (पॉलिसी ताबडतोब पुन्हा लावायची आज्ञा) मारून बघायची सवय बहुतेक अ‍ॅडमिनना असते. कधी काम होतं, बरेचदा होत नाही. याचं कारण असं की ग्रुप पॉलिसी, म्हणजे केंद्रातून ठरवलेल्या सेटिंग मशीनवर लावणारी विंडोजची सोय, ही एका फटक्यात बांधलेली व्यवस्था नाही. तिच्यावर वेळोवेळी नवे मजले चढले आणि प्रत्येक मजल्यानं आपापला बिघाड सोबत आणला. म्हणून समोरची तक्रार कुठल्या काळातली आहे हे ओळखता आलं, तर शोध निम्म्यावर येतो.

विंडोज एनटी ४.० मध्ये ग्रुप पॉलिसी नव्हतीच, ‘सिस्टिम पॉलिसी’ होती. पोलएडिट या साधनातून एक फाइल बनवायची, तिला एनटीकॉन्फिग.पीओएल हे नाव द्यायचं आणि सर्व्हरवरच्या नेटलॉगऑन या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची. लॉगऑनच्या वेळी मशीन ती वाचून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) मूल्यं लिहायचं. पोलएडिटमध्ये प्रत्येक सेटिंगच्या चौकटीच्या तीन अवस्था होत्या: टिक म्हणजे लावा, रिकामी म्हणजे काढा, करडी म्हणजे हात लावू नका. फाइल उडवली तरी लिहिलेलं तसंच राहायचं. याला अ‍ॅडमिन मंडळी ‘टॅटू’ म्हणायची, आणि तो पुसायचा तर उलटी पॉलिसी सगळीकडे फिरवावी लागे.

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० नं हे मुळातून बदललं. पॉलिसीची मूल्यं रजिस्ट्रीतल्या ठरावीक ‘पॉलिसीज’ शाखांतच लिहायची आणि पॉलिसी निघाली की तीही काढून टाकायची, असा नियम आला. लागण्याचा क्रमही पक्का झाला: आधी लोकल (त्या मशीनवरचीच), मग साइट (नेटवर्कमधल्या जागेची), डोमेन आणि शेवटी ओयू (डोमेनमधल्या विभागाची), शेवटची जिंकते. क्लायंट दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिळवून, बदल तपासतो. डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) दर ५ मिनिटांनी. टॅटू मात्र पूर्ण गेला नाही. २००८ मध्ये आलेल्या ‘प्रेफरन्सेस’ (ग्रुप पॉलिसीतून ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे लावणारे आयटम) त्या शाखांबाहेर लिहितात, त्यामुळे ‘लागू नसेल तेव्हा हा आयटम काढा’ हा पर्याय टिक केला नसेल तर जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे सेटिंगचा एक संच) गेल्यावरही मॅप केलेला ड्राइव्ह मागे राहतो.

विंडोज २००० मध्येच घेतलेल्या आणखी एका निर्णयाचा त्रास आजही पुरून उरतो. प्रत्येक जीपीओ दोन जागी राहतो. अर्धा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या युजर-मशीनच्या माहितीसाठ्यात), अर्धा सिसव्हॉल या डोमेन कंट्रोलरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये. दोन्ही अर्धे वेगवेगळ्या वाटांनी इतर डोमेन कंट्रोलरवर पोचतात, आणि एक पोचून दुसरा रखडू शकतो. जुळणी तपासायला आवृत्तीचा आकडा डिरेक्टरीतही असतो आणि जीपीटी.आयएनआय या फाइलमध्येही. तो वाचायची रीत अशी: कॉम्प्युटर बाजूच्या (मशीनला लागणाऱ्या सेटिंगमधल्या) प्रत्येक बदलाला १, तर युजर बाजूच्या (व्यक्तीला लागणाऱ्या सेटिंगमधल्या) प्रत्येक बदलाला ६५५३६ वाढतात. म्हणजे १९६६१३ दिसलं तर युजर बाजूला ३ आणि कॉम्प्युटर बाजूला ५ बदल झालेत. दोन डोमेन कंट्रोलरवर हे आकडे वेगळे दिसले आणि थोडा वेळ थांबूनही जुळले नाहीत, तर पॉलिसीत काही शोधू नका, रेप्लिकेशन (कंट्रोलरांमधली देवाणघेवाण) बघा. क्लायंटला फाइल वाचताच आली नाही तर विंडोजच्या लॉगमध्ये इव्हेंट १०५८ येतो. त्यामागे बहुतेकदा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी सेवा) किंवा सिसव्हॉल शेअरच निघतो.

सिसव्हॉल वाहून नेणारी जुनी सेवा, एफआरएस, फार नाजूक होती. ‘जर्नल रॅप’ झाला (बदलांच्या नोंदी वाचून होण्याआधीच पुसल्या गेल्या) की इव्हेंट १३५६८ यायचा आणि तो सर्व्हर गप्प बसायचा. विंडोज सर्व्हर २००८ पासून तिच्या जागी डीएफएसआर आलं, पण जुन्या डोमेनना ‘डीएफएसआरमिग’ चालवून स्वतःहून स्थलांतर करावं लागे, आणि अनेकांनी ते वर्षानुवर्षं पुढे ढकललं. सर्व्हर २०१९ एफआरएसवर चालणाऱ्या डोमेनमध्ये कंट्रोलर म्हणून येतच नाही, म्हणून अखेर ते करावंच लागलं. डीएफएसआरही निर्दोष नाही: ६० दिवसांहून जास्त काळ तुटलेला सदस्य इव्हेंट ४०१२ देऊन रेप्लिकेशन थांबवतो.

विंडोज एक्सपीनं २००१ मध्ये ‘जलद लॉगऑन’ आणलं: नेटवर्कची वाट न बघता डेस्कटॉप दाखवायचा आणि पॉलिसी मागून आणायची. सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन आणि फोल्डर रीडायरेक्शन (युजरचे फोल्डर सर्व्हरवर वळवणं) मात्र फक्त सुरुवातीलाच, पुढ्यात चालतात. त्यामुळे बदल दिसायला दोनदा, कधी तीनदा लॉगऑन करावं लागतं. ‘नेहमी नेटवर्कची वाट बघा’ ही सेटिंग लावली की प्रश्न सुटतो, सुरुवात थोडी रेंगाळते. ही वागणूक आजच्या क्लायंट विंडोजमध्येही आहे; सर्व्हरवर नाही, म्हणून सर्व्हरवर चाचणी घेऊन निष्कर्ष काढू नयेत.

बिघाडाचं निदान सोपं झालं ते विंडोज व्हिस्टापासून. त्याआधी रजिस्ट्रीत डीबग पातळी लावून यूजरएन्व्ह.लॉग चाळावा लागे. व्हिस्टात ग्रुप पॉलिसी विनलॉगऑन या लॉगऑन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून निघून स्वतंत्र सेवा झाली आणि तिला स्वतःचा ‘ऑपरेशनल’ लॉग मिळाला. त्यात इव्हेंट ५३१२ लागणाऱ्या जीपीओंची यादी देतो, ५३१३ गाळलेल्यांची. ४०१६ आणि ५०१६ या जोडीतून कुठलं एक्स्टेन्शन (एका प्रकारच्या सेटिंग लावणारा भाग) किती मिलिसेकंद खातंय ते कळतं. लॉगऑन मंद असल्याची तक्रार आली तर इथूनच सुरुवात करावी.

खरा गोंधळ १४ जून २०१६ ला उडाला. तोवर युजरची पॉलिसी युजरच्याच ओळखीनं वाचली जायची. मधल्या मध्ये कुणी ती बदलू नये म्हणून एमएस१६-०७२ या पॅचनं ती कॉम्प्युटरच्या ओळखीनं वाचायला लावली. ज्यांनी सिक्युरिटी फिल्टरिंगसाठी (जीपीओ ठरावीक लोकांनाच लागावा म्हणून) ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ हा सगळे युजर आणि कॉम्प्युटर असलेला गट काढून फक्त आपला ग्रुप ठेवला होता (आणि अशी शिकवण सर्रास दिली जायची), त्यांच्या जीपीओवर कॉम्प्युटरला वाचण्याचा हक्कच उरला नाही. ड्राइव्ह गेले, प्रिंटर गेले, आणि लोकांनी पॅच काढायला सुरुवात केली, जो चुकीचा उपाय होता. बरोबर उपाय दोन मिनिटांचा: जीपीएमसी या ग्रुप पॉलिसी सांभाळायच्या साधनाच्या ‘डेलिगेशन’ टॅबमध्ये ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ यांना फक्त ‘रीड’ द्या, ‘अप्लाय’ देऊ नका. ही चूक आजही नव्या जीपीओंवर होते, म्हणून फक्त युजर पॉलिसीच लागत नसेल तर आधी हा टॅब उघडावा.

त्याआधी, मे २०१४ मध्ये, प्रेफरन्सेसमधल्या पासवर्डचा प्रश्न आला होता. ते एईएसनं कुलूपबंद असायचे खरे, पण किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक दस्तऐवजात छापलेली होती आणि सिसव्हॉल डोमेनमधला कुणीही वाचू शकतो. एमएस१४-०२५ नं नवे पासवर्ड ठेवणं बंद केलं, जुने मात्र पुसले नाहीत. जुनं डोमेन हाती आलं तर सिसव्हॉलमधल्या एक्सएमएल फाइल्समध्ये ‘सीपासवर्ड’ शोधा. सापडलेला पासवर्ड फुटलाय असंच समजून बदला.

सर्वांत नवा मजला इंट्यूनचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून मशीन सांभाळणाऱ्या सेवेचा. तीच सेटिंग दोन्हीकडून आली तर मुळात ग्रुप पॉलिसी जिंकते. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ‘एमडीएम जिंको’ असा पर्याय आहे (एमडीएम म्हणजे इंट्यूनसारखं उपकरण-व्यवस्थापन), पण तो फक्त पॉलिसी सीएसपी या एमडीएमच्या एका भागातल्या सेटिंगना लागू होतो. आणि इंट्यूनकडून आलेलं जीपीरिझल्ट या लागलेली पॉलिसी दाखवणाऱ्या आज्ञेच्या अहवालात दिसत नाही. त्यासाठी सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ पानावरून एमडीएमचा निदान अहवाल वेगळा काढावा लागतो.