थ्रेडरिपर प्रोसेसरचं कूलिंग

थ्रेडरिपर प्रोसेसरचं कूलिंग : एएमडीच्या थ्रेडरिपर मालिकेतले (२०१७ पासून) आणि त्यांच्या जवळपास जाणारे इंटेलचे मोठे डेस्कटॉप-वर्कस्टेशन प्रोसेसर यांच्यासाठी पुरेसा कूलर निवडणं. साध्या पीसीला कूलर घेताना पहिला प्रश्न वॅटचा असतो, इथे तो तळाचा असतो, म्हणजे कूलरची तांब्याची प्लेट प्रोसेसरच्या वरच्या अख्ख्या धातूच्या झाकणाला टेकते की नाही. वॅट, फॅन, रेडिएटर हे सगळं त्याच्यानंतर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, आणि त्यामुळेच चांगला महागडा कूलर लावूनही मशीन तापतं.

आकार : एएम४ सॉकेटचा नेहमीचा रायझन ४० बाय ४० मिमी असतो. थ्रेडरिपरचं पॅकेज ५८.५ बाय ७५.४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट. हा आकार डेस्कटॉपसाठी म्हणून आखलेलाच नव्हता, एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरचं एसपी३ सॉकेट थोडं बदलून टीआर४ नावाने डेस्कटॉपवर आणलं, ४०९४ पिनांचं. पहिल्या पिढीत (१९५०एक्स, १६ कोअर, १८० वॅट) झाकणाखाली चार डाय (सिलिकॉनचे तुकडे, म्हणजे खरी चिप) दिसायचे पण त्यातले दोनच चालू, कर्णरेषेत समोरासमोर, उरलेले दोन नुसते आधाराला, झाकणावरचा दाब सारखा पडावा म्हणून. २०१८ च्या २९९०डब्ल्यूएक्समध्ये (३२ कोअर, २५० वॅट) चारही चालू झाले. २०१९ च्या शेवटी आलेल्या तिसऱ्या पिढीपासून रचनाच बदलली, मधोमध मेमरी आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा मोठा आयओ डाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे कोअर-चिपलेट, म्हणजे कोअर असलेले छोटे डाय, ३९९०एक्समध्ये (फेब्रुवारी २०२०, ६४ कोअर, २८० वॅट) असे आठ. २०२३ च्या ७००० मालिकेपासून सॉकेट एसटीआर५, पिना ४८४४ आणि टीडीपी (डब्यावरचा वॅटचा आकडा, त्याबद्दल पुढे) ३५० वॅट.

उगम : या प्रश्नाची सुरुवात नक्की कधीपासून धरायची यावर मतं वेगवेगळी पडतात, आणि ते समजून घेण्यासारखं आहे कारण तारीख बदलली की प्रश्नच बदलतो. एक मत थेट मेनफ्रेमपर्यंत मागे जातं. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतलं मॉडेल ९१ हे १९६० च्या दशकातलं मशीन पाण्यावर थंड व्हायचं, आणि साधारण १९८० च्या सुमाराचं ३०८१ हे मशीन तर आपल्या विषयाच्या फारच जवळचं आहे, त्यात एकाच सिरॅमिक पाटीवर शंभराहून जास्त चिप बसवलेल्या असत, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला छोटा धातूचा दट्ट्या, मधल्या फटीत हेलियम वायू आणि सगळ्यांच्या वर पाण्याने थंड होणारी एकच प्लेट. एका झाकणाखाली अनेक डाय, प्रत्येकाला सारखा स्पर्श मिळवायचा, ही अडचण तिथे पहिल्यांदा नीट सुटलेली दिसते. पण ते मशीन कोणी स्वतः जोडत नव्हतं आणि कूलर कोणी निवडत नव्हतं.

दुसरं मत वॅटवरून जातं. ॲपलने २००४ मध्ये अडीच गिगाहर्ट्झच्या दुहेरी पॉवर मॅक जी५ला कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग दिलं. इंटेलने २०११ मध्ये एलजीए २०११ सॉकेटचे मोठे कोअर आय७ डब्यात कूलर न देताच विकायला काढले आणि असेटेककडून बनवून घेतलेला लिक्विड कूलर वेगळा विकायला ठेवला. एएमडीचा एफएक्स-९५९० (२०१३) तर २२० वॅटचा, पहिल्या थ्रेडरिपरपेक्षाही ४० वॅट जास्त. हे मत मानणारे म्हणतात की थ्रेडरिपरने नवीन असं काही आणलं नाही.

तिसरं मत ऑगस्ट २०१७ हीच सुरुवात मानतं आणि पुरावे पाहता तेच जास्त पटतं. एफएक्स-९५९० तापट होता, पण छोटा होता, त्यामुळे बाजारातला कुठलाही दणकट कूलर त्याच्यावर नीट टेकायचा. थ्रेडरिपर आल्यावर पहिल्यांदाच असं झालं की कूलरची ताकद भरपूर आहे, पण तळच पुरत नाही.

तळाचा वाद : थ्रेडरिपरचं झाकण सुमारे ६८ बाय ५१ मिमी. असेटेकच्या डिझाइनच्या तयार लिक्विड कूलरची (ज्यांना सगळे एआयओ म्हणतात) प्लेट गोल, व्यास ५५ मिमीच्या आसपास. हिशोब केला तर ही गोल प्लेट झाकणाचा साधारण दोन तृतीयांश भाग झाकते आणि लांबीकडची दोन्ही टोकं उघडी राहतात. गंमत म्हणजे एएमडीने पहिल्या पिढीच्या डब्यात असेटेकचाच ब्रॅकेट दिला होता, म्हणजे निर्मात्याच्या लेखी गोल प्लेट चालते. त्यामागचं गणित असं की झाकण जाड तांब्याचं, खाली इंडियमचं सोल्डर, त्यामुळे उष्णता आडवी पसरून प्लेटच्या खाली येतेच. (सोल्डरचा मुद्दा लहान नाही, त्याच वर्षीच्या इंटेल कोअर आय९-७९८०एक्सईमध्ये झाकणाखाली सोल्डर नसून थर्मल पेस्ट होती आणि त्यावर लोक खूप चिडले होते.) दुसऱ्या बाजूला नॉक्टुआ या कूलर बनवणाऱ्या कंपनीने ७० बाय ५६ मिमी तळाचे खास कूलर काढले, एनएच-यू१४एस टीआर४-एसपी३ आणि त्याची छोटी भावंडं, आणि नंतर इतरांनीही पूर्ण तळाचे वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणाऱ्या प्लेट) आणले.

दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर असं म्हणता येतं की १८० वॅट आणि दोन चालू डाय असताना गोल प्लेट कामचलाऊ आहे, पण २५० वॅटच्या पुढे, आणि विशेष करून तिसऱ्या पिढीपासून जिथे चिपलेट मध्यापासून बाजूला सरकलेत, तिथे पूर्ण तळच घ्यावा. प्लेट पुरत नसेल तर मोठा रेडिएटर लावून ती तूट भरून निघत नाही, कारण अडथळा चिप आणि प्लेटच्या मध्ये आहे, पाणी आणि हवेच्या मध्ये नाही.

मोठ्या आकाराचा फायदाही आहे आणि तो कोणी सांगत नाही. ३९९०एक्सचे २८० वॅट आठ चिपलेटमध्ये वाटले जातात, प्रत्येक ७४ चौरस मिमीचा, म्हणजे एकूण ५९२ चौरस मिमी. साध्या रायझन ७ ३८००एक्सचे १०५ वॅट तसल्याच एका चिपलेटमधून निघतात. आयओ डायचा वाटा दोन्हीकडे बाजूला ठेवला तरी दर चौरस मिमीमागे छोट्या प्रोसेसरवर जवळपास तिप्पट भार येतो. म्हणून तळ नीट बसला की थ्रेडरिपर थंड ठेवणं वॅटचा आकडा बघून वाटतं तितकं अवघड नाही.

टीडीपीचा आकडा : डब्यावरचा टीडीपी म्हणजे प्रोसेसर खातो ती वीज असं सर्रास धरलं जातं, ते बरोबर नाही. एएमडीचं सूत्र असं : झाकणाचं कमाल तापमान वजा आजूबाजूच्या हवेचं तापमान, भागिले कूलरचा थर्मल रेझिस्टन्स (दर वॅटमागे चढणारे अंश). रायझन ७ २७००एक्ससाठी ते ६१.८ वजा ४२, भागिले ०.१८९, म्हणजे सुमारे १०५ वॅट असं मांडलं जातं. यात विजेचा उल्लेखच नाही, टीडीपी म्हणजे खरंतर कूलर किती चांगला हवा याचं माप आहे. इंटेल नव्या वर्कस्टेशन झिऑनना दोन आकडे देतं, डब्ल्यू९-३४९५एक्स (५६ कोअर) ला मूळ ३५० आणि टर्बोत ४२० वॅट, आणि कूलर घेताना मोठा आकडाच धरायचा असतो. ओव्हरक्लॉक किंवा पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवायची सोय) चालू केलं की दोन्ही कंपन्यांचे आकडे निरुपयोगी होतात. जून २०१८ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला तेव्हा टेबलाखाली एक हॉर्सपॉवरचा वॉटर चिलर होता हे नंतर बाहेर आलं, आणि तोच प्रोसेसर पुढे झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स म्हणून २५५ वॅटला विकायला आला.

निवड : थर्मल रेझिस्टन्स म्हणजे दर वॅटमागे तापमान किती अंश चढतं. ३५० वॅटचा ७९८०एक्स ९५ अंशांच्या आत ठेवायचा आणि खोली २५ अंशांवर असेल तर हातात ७० अंश आहेत, म्हणजे दर वॅटला ०.२ अंश. हेच मशीन मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे एसी नसलेल्या ४० अंशांच्या खोलीत ठेवलं तर उरतात ५५ अंश, दर वॅटला ०.१६ पेक्षाही कमी. परदेशातले रिव्ह्यू बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात, ते बघून आपल्याकडे जेमतेम पुरणारा कूलर घेऊ नये, एक पायरी वरचाच घ्यावा.

एअर कूलर २८० वॅटपर्यंत व्यवस्थित पुरतात, १४० मिमी फॅनचा पूर्ण तळाचा टॉवर असेल तर. फक्त उंची १६५ मिमीच्या घरात जाते, कॅबिनेटचं माप आधी घ्यावं. वॉटर कूलिंगमध्ये लोक पंपाच्या वेगाच्या मागे लागतात पण मिनिटाला एक लिटर पाणी फिरलं तरी ३५० वॅटने ते फक्त ५ अंश तापतं, खरी मर्यादा हवेकडे असते. १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवा तेवढ्याच उष्णतेने ६ अंशांच्या थोडी वर तापते आणि ती कॅबिनेटबाहेर गेली नाही तर तीच पुन्हा रेडिएटरवर येते. म्हणून ३६० मिमीचा रेडिएटर ही ३५० वॅटसाठी किमान पायरी धरावी आणि कॅबिनेटचे बाहेर फेकणारे फॅन त्याच हिशोबात मोजावेत. आइसजायंटचा प्रोसायफन हा तिसरा प्रकार, त्यात पंपच नसतो, द्रव उकळून वाफ वर जाते आणि थंड होऊन खाली येते. तो आकाराने प्रचंड आहे.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. एअर कूलरचा वारा सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आणि रॅमलाही लागतो, वॉटर ब्लॉक लावला की तिथे वारा उरत नाही. एसटीआर५ बोर्डांना रजिस्टर्ड डीडीआर५ रॅमच लागते आणि ती सलग रेंडरिंगमध्ये चांगलीच तापते, तेव्हा रॅमवर एक छोटा फॅन द्यावाच. काही सर्व्हर बोर्डांवर सॉकेट ९० अंशांत फिरवलेलं असतं, तिथे टॉवरचा वारा मागे न जाता वर जातो.

बसवणं : टीआर४ सॉकेटच्या फ्रेमला तीन टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू असतात, आवळताना १-२-३ आणि सोडताना ३-२-१, हा क्रम फ्रेमवरच छापलेला असतो. पहिल्या पिढीच्या डब्यात १.५ न्यूटन-मीटरला सेट केलेला टी२० ड्रायव्हर यायचा, 'कट' आवाज आला की थांबायचं. इतक्या पिनांवर दाब कमी-जास्त पडला की रॅमचे एक-दोन चॅनेल दिसेनासे होतात आणि माणूस रॅम बदलत बसतो. पेस्ट मधोमध मटारदाण्याएवढी लावायची सवय इथे चालत नाही, ती कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाही. नॉक्टुआ सांगतं तसे पूर्ण झाकणावर रांगोळीसारखे ठिपके द्यावेत, लहान आणि त्यांच्यामध्ये थोडे मोठे.

तापमान वाचणं : १९५०एक्स आणि १९२०एक्सवर काही सॉफ्टवेअर टीसीटीएल हा आकडा दाखवतात, तो खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २७ अंशांनी जास्त असतो, फॅन लवकर वेग घ्यावेत म्हणून. स्क्रीनवरचे ९० म्हणजे प्रत्यक्षात ६३. चांगला कूलर खराब समजून परत करण्याचं हे नेहमीचं कारण होतं.

जुने कूलर : टीआर४, एसटीआरएक्स४ (तिसऱ्या पिढीचं सॉकेट) आणि एसटीआर५ यांची कूलर बसवायची भोकं जुळतात, त्यामुळे २०१७ चा पूर्ण तळाचा कूलर आजच्या बोर्डावरही बसतो. मात्र तो १८० ते २८० वॅटच्या काळात बनलाय, ३५० वॅटवर चालेल पण फॅन सतत वरच्या वेगात राहतील. जुना एआयओ असेल तर तो पुन्हा वापरू नये, रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं पाणी हळूहळू उडून जातं आणि पंपात हवा शिरते.