पर्यायी अक्षरचित्रे (स्क्रायबसमधील वापर)

पर्यायी अक्षरचित्रे : एकाच अक्षराची, अंकाची किंवा जोडाक्षराची फॉन्टमध्ये असलेली जादा वळणे. अक्षर आणि त्याचे चित्र, म्हणजे ग्लिफ, या संगणकासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी प्रणाली, ‘श’ला एकच क्रमांक देते, तो देठाचा काढायचा की हिंदीच्या वळणाचा, हे फॉन्टवर सोपवलेले असते. छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळात जुळारी हव्या त्या वळणाचा खिळा खणातून उचलत असे. संगणकावर अडचण अशी, की जादा वळणांना बहुधा स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो, त्यामुळे ती कळफलकावरून उमटत नाहीत.

मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेल्या ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपाने यावर तोड काढली. फॉन्टमध्येच अदलाबदलीचा तक्ता असतो आणि प्रत्येक प्रकारच्या बदलाला चार अक्षरी खूण असते. शैलीसंचांसाठी, म्हणजे एकत्र चालू-बंद करता येणाऱ्या जादा वळणांच्या गटांसाठी, अशा वीस खुणा राखून ठेवल्या आहेत. मात्र तक्ता वाचणारे सॉफ्टवेअर हवे.

स्क्रायबस या मुक्तस्रोत पानमांडणी सॉफ्टवेअरला ते बराच काळ जमत नव्हते. १.४ मालिकेत देवनागरीची मूळ जुळणीच होत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसे, तिथे पर्यायी वळणांची काय कथा! रोमन लिपीत एक पळवाट होती. लिनक्स लिबर्टिनसारख्या फॉन्टांनी जादा वळणे युनिकोडच्या खासगी क्षेत्रात, म्हणजे ठरावीक अक्षरांना न दिलेल्या मोकळ्या क्रमांकांवर, ठेवली होती, ती तिथून उचलता येत. पण तशा मजकुरात पुढे शब्द शोधला तर सापडत नाही. पळवाट म्हणून ठीक, सवय म्हणून वाईट.

२०१७ च्या १.५.३ या विकासाधीन आवृत्तीत हार्फबझ हे अक्षरजुळणीचे इंजिन आले आणि चित्र पालटले. (‘ओपनटाइप’चेच हे फारसी रूप : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले.) अरबीसाठी धडपडणाऱ्या ओमानमधील प्रोग्रामरांचा त्यात मोठा वाटा होता, देवनागरीचे काम त्याच ओघात झाले. जानेवारी २०२४ मधील १.६.० पासून ही सोय स्थिर आवृत्तीत आहे. मजकूर निवडून त्याच्या गुणधर्मांच्या चौकटीतील फॉन्ट-वैशिष्ट्यांचा विभाग उघडला, की जोडाक्षरे, अंकांचे प्रकार, शैलीसंच चालू-बंद करता येतात. एखाददुसऱ्या शब्दापुरते हवे असेल, तर त्यासाठी अक्षरशैली (नाव देऊन जपलेला गुणधर्मांचा संच) करून ठेवणे उत्तम. नाहीतर दोनशे पानांच्या पुस्तकात कुठे काय बदलले हे हुडकत बसावे लागते. लिबरऑफिस या मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टच्या नावापुढे कोलन देऊन खूण रोमन लिपीत लिहिली तरी चालते.

मराठीपुरते पाहिले तर शैलीसंचाआधी भाषेची नोंद महत्त्वाची. काही देवनागरी फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी ठेवली, की देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ आपोआप येतात. भाषा हिंदी राहिली, तर फॉन्टमध्ये वळण असूनही दिसत नाही. ‘टिरो देवनागरी’ने वेगळी वाट धरली : मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी तीन स्वतंत्र फॉन्ट. भाषेची नोंद करायला विसरणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मात्र पर्यायी वळणाचा नव्हे. एक समुद्र, दुसरे दरीचे अनेकवचन. तिथे टंकलेला मजकूरच वेगळा असावा लागतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर हात बसलेल्या डीटीपी ऑपरेटरला हा भेद पटायला वेळ लागतो, कारण तिथे अक्षराच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्रमांक होता आणि वळण बदलणे म्हणजे दुसरी कळ दाबणे.

छापखान्यात पीडीएफऐवजी स्क्रायबसची मूळ फाइल द्यायची असेल, तर फॉन्टही सोबत द्यावा, आणि तोही त्याच आवृत्तीचा. फॉन्टच्या नव्या आवृत्तीत शैलीसंचांचे क्रमांक बदललेले असू शकतात.