होलोकॉस्टचे विकृतीकरण (समाजमाध्यमांवरील)

नाझी जर्मनी व तिच्या साथीदारांनी १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या हत्याकांडातील बळींचा आकडा कमी करून सांगणे, दोष ज्यूंवरच ढकलणे, मारेकऱ्यांच्या स्थानिक साथीदारांचा वाटा झाकणे किंवा सगळ्याचीच थट्टा करणे, याला होलोकॉस्टचे विकृतीकरण म्हणतात. उघड नकार हा त्याचा सख्खा भाऊ, पण वेगळा. नकारवादी ‘असे काही घडलेच नाही’ म्हणतो. विकृतीकरण करणारा ‘घडले असेल, पण...’ अशी सुरुवात करतो. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्स या आंतरसरकारी संघटनेने २०१३ मध्ये दोहोंची व्याख्या केली. समाजमाध्यमांवर सुळसुळाट आहे तो या ‘पण’चा, आणि हाती लागत नाही तोही तोच.

या अपप्रचारातला माल बहुतांशी जुनाच आहे. ज्यूंच्या जागतिक कटाचा ‘पुरावा’ म्हणून आजही फिरणारे ‘प्रोटोकॉल्स’ (ज्यू नेत्यांच्या बैठकांचे म्हणून खपवलेले बनावट वृत्तांत) १९०३ मध्ये रशियात छापले गेले आणि ती उचलेगिरी असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच दाखवून दिले. डेव्हिड अर्व्हिंग या लेखकाने इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर बदनामीचा दावा लावला, तेव्हा लंडनच्या न्यायालयाने एप्रिल २००० मध्ये अर्व्हिंगलाच होलोकॉस्ट नाकारणारा, ज्यूद्वेष्टा आणि पुरावे हेतुपुरस्सर पिळणारा ठरवले. तोवर नकारवादाला निदान तळटीपांचे सोंग घ्यावे लागे. समाजमाध्यमांनी तेवढेही कष्ट वाचवले.

हे काम कसे चालते, ते २,७१,००० या आकड्यावरून कळते. रेड क्रॉसच्याच नोंदीप्रमाणे छावण्यांत एवढेच लोक मेले, अशा मजकुरासोबत १९७९ सालच्या एका जर्मन कागदाचे छायाचित्र फिरवले जाते. कागद बनावट नाही, लावलेला अर्थ खोटा आहे. जर्मनीत बाड आरोल्सन येथील विशेष नोंदणी कार्यालय मागणी आल्यावर, कागदोपत्री पुरावा असेल तर एकेका व्यक्तीच्या मृत्यूचा दाखला देत असे. कागदावरची बेरीज अशा दाखल्यांची आहे, मृतांची नव्हे. ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत उतरवलेल्यांची नावे कुणी नोंदवलीच नाहीत. आउश्विट्झ-बिर्केनाउ छावणीत आणलेल्या बहुसंख्य ज्यूंना गाडीतून उतरवून थेट विषारी वायूच्या कोठड्यांत नेले, त्यांनाही कैदी क्रमांक मिळाला नाही. कीव्हजवळ बाबी यार येथे २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. ते तर कोणत्याच छावणीत नव्हते. रेड क्रॉसने वारंवार खुलासे केले. पण खुलासा वाचायला पाच मिनिटे लागतात आणि चित्र पुढे ढकलायला एक बोट.

संयुक्त राष्ट्रे व युनेस्को यांच्या २०२२ च्या अहवालासाठी पाच मंचांवरील होलोकॉस्टविषयक मजकुराचे नमुने तपासले गेले. नकार किंवा विकृतीकरण असलेल्या पोस्टचे प्रमाण टेलिग्रामवर ४९ टक्के, ट्विटरवर १९, टिकटॉकवर १७, फेसबुकवर ८ आणि इन्स्टाग्रामवर ३ टक्के आढळले. टेलिग्रामवर त्या वेळी देखरेख जवळपास नव्हतीच, हे लक्षात घेतले की या उतरंडीचे फारसे नवल वाटत नाही.

उघड शब्द पकडले जातात म्हणून खुणा वापरल्या जातात. ज्यू व्यक्तीच्या नावाभोवती तिहेरी कंस घालण्याची खूण २०१६ मध्ये उघडकीस आली. मग अनेक ज्यूंनी आणि त्यांच्या बाजूच्यांनी मुद्दाम स्वतःच्याच नावाला कंस लावून तिची धार घालवली. कोविडकाळात लसीकरणाच्या विरोधकांनी नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा छातीवर लावून आपली तुलना नाझी राजवटीतल्या ज्यूंशी केली. त्यात द्वेष असेलच असे नाही, पण हत्याकांडाला लसीच्या दाखल्याइतके क्षुल्लक करणे हेही विकृतीकरणच.

भारतात, महाराष्ट्रातही, हा अपप्रचार वेगळ्या वाटेने येतो. कोकणात शतकानुशतके नांदलेल्या, ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला इथे ज्यूद्वेषाची झळ लागली नाही. मात्र हिटलरविषयीचे कौतुक आहे, ‘शिस्त असावी तर अशी’ या थाटाचे. नवी मुंबईत २००६ मध्ये त्याच्या नावाचे उपाहारगृह निघाले आणि ज्यू समाजाच्या आक्षेपानंतर नाव बदलावे लागले. काही ज्यूंना मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे बाकीच्यांना का मारले ते जगाला कळेल, अशा आशयाचे त्याच्या नावावर खपणारे वाक्य जगभर पुढे ढकलले जाते. ते त्याचे नाही. पश्चिम आशियात संघर्ष पेटला की ते पुन्हा वर येते.

कंपन्या उशिरा जाग्या झाल्या. यूट्यूबने जून २०१९ मध्ये होलोकॉस्ट नाकारणाऱ्या चित्रफितींवर बंदी घातली. असा मजकूर काढण्याच्या आपण विरोधात आहोत, असे २०१८ मध्ये सांगणाऱ्या फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये भूमिका फिरवली. नियम झाला म्हणून अंमल होतोच असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर एका लोकप्रिय कार्टून पात्राच्या तोंडी होलोकॉस्टची ‘गमतीदार माहिती’ घातलेले मीम आले. ६० लाखांचा आकडा शक्यच नाही, आउश्विट्झची धुराडी युद्धानंतर बांधली, असा त्यातला मजकूर. तक्रारी होऊनही, आणि पुढच्याच महिन्यात नियम बदलूनही, ते राहिले. एक तक्रार तर कोविडकाळातल्या स्वयंचलित नियमामुळे कुणी न वाचताच बंद झाली. फेसबुक व इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या पर्यवेक्षण मंडळाने प्रकरण हाती घेतल्यावरच ते हटले आणि जानेवारी २०२४ मध्ये मंडळाने कंपनीला दोष दिला.

कायद्याची स्थिती देशागणिक निराळी. जर्मनी व फ्रान्समध्ये होलोकॉस्ट नाकारणे गुन्हा आहे. अमेरिकेत राज्यघटनेची पहिली दुरुस्ती अशा बोलण्यालाही संरक्षण देते, आणि बहुतेक बडे मंच अमेरिकी आहेत. कडक कायद्याने सगळे थांबते असेही नाही. जर्मनीतील हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र उपवासाच्या दिवशी, एका बंदूकधाऱ्याने सिनेगॉगवर, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळावर, हल्ला केला. हल्ल्याचे ट्विच या मंचावरून थेट प्रक्षेपण करताना त्याने आरंभीच होलोकॉस्ट नाकारला. सिनेगॉगचे दार टिकले, मात्र बाहेर दोघांचा जीव गेला. थेट पाहणारे जेमतेम पाच होते; चित्रफीत हटेपर्यंतच्या अर्ध्या तासात ती सुमारे २,२०० जणांनी पाहिली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात नवी भर घातली. मे २०२५ मध्ये एक्सवरील (पूर्वीचे ट्विटर) ग्रोक या चॅटबॉटने ६० लाखांच्या आकड्याबद्दल साशंकता दाखवली. कंपनीने खापर अनधिकृत बदलावर फोडले. त्याच वर्षी आउश्विट्झ संग्रहालयाने आणखी एका प्रकाराबद्दल इशारा दिला. कैद्यांची खरी छायाचित्रे व माहिती संग्रहालय रोज प्रसिद्ध करते. फेसबुकवरील काही पाने तो मजकूर उचलून यंत्राने बनवलेले चेहरे, कधी कधी तर कधीच अस्तित्वात नसलेली माणसे, बळी म्हणून दाखवू लागली. हे करणाऱ्यांना ज्यूंशी देणेघेणे नाही, त्यांना लाइक आणि त्यामागून येणारा पैसा हवा असतो. कंपन्यांची नियमावली द्वेष हुडकण्यासाठी लिहिलेली असल्याने असल्या पानांवर बोट ठेवणे तिला जड जाते.