ओढक्षमता, एसयूव्ही मोटारींची

मागे जोडलेला ट्रेलर, कॅराव्हॅन (चाकांवरचे राहते घर) किंवा होडी ओढून नेण्यासाठी उत्पादकाने ठरवून दिलेली वजनाची मर्यादा. ती इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरत नाही. शीतन, ब्रेक, चेसिस, मागच्या आसावरील भार, हिचची (गाडीला ट्रेलर अडकवण्याच्या जोडाची) मजबुती आणि गिअरबॉक्स यांपैकी जो घटक सर्वांत आधी थकतो, त्याच्या ताकदीवर ती ठरते. त्यामुळे एखादा सुटा भाग बसवल्याने ओढणे सोपे झाले, तरी ही मर्यादा आहे तेवढीच राहते. इंधनखर्च न वाढवता ओढण्यात सुधारणा करायची, तर आधी यांतला नेमका कोणता घटक आड येतो हे पाहावे लागते.

मापनाची पद्धत : अमेरिकेत बराच काळ प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा ठरवीत असे. तेथील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे २८०७ ही सामायिक पद्धत प्रसिद्ध केली. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलांपासून प्रथम स्वीकारली. फोर्ड, जनरल मोटर्स व क्रायस्लर त्यानंतर काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने आल्या. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या माहितीपत्रकांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहणे फारसे योग्य नाही. या पद्धतीत पूर्ण भारासह ० ते ताशी ९७ किमी. वेग ३० सेकंदांत गाठावा लागतो. १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे गाडी हलवावी लागते. सर्वांत कडक कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या घाटाची असते : सुमारे १८ किमी. चढ, हवेचे तापमान किमान ३८° से., वातानुकूलन पूर्ण चालू. या चढावर वेग ताशी ६४ किमी.च्या खाली येता कामा नये आणि इंजिन तापल्याचा इशारा देणारा दिवाही लागता कामा नये.

युरोपातील मान्यतेतही १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्या स्थितीतून सुटण्याची अट आहे, परंतु तेथे ट्रेलरसह वेग कमी धरला जातो. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किमी., विशेष परवान्याने १०० किमी. आहे. काही मोटारींचा युरोपातील आकडा अमेरिकेतील आकड्यापेक्षा मोठा दिसतो, त्यामागे वेगाचा हा फरक आणि पुढे येणारा हिचवरील भाराचा फरक ही प्रमुख कारणे मानली जातात. युरोप व ऑस्ट्रेलियात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ७५० किग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनसाठी ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा २,५०० किग्रॅ. दिलेली आहे, ब्रेक नसलेल्यासाठी ७५० किग्रॅ.

प्रतिरोधाचा हिशेब : दोन टनांची एसयूव्ही आणि दीड टनाची उंच कॅराव्हॅन असे उदाहरण घेऊ. टायर फिरताना होणाऱ्या रोधाचा गुणांक ०.०११ धरल्यास दोहोंच्या टायरांचा रोध सुमारे ३८० न्यूटन येतो. हवेचा रोध हा आकाराचा रोधगुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरतो. हा गुणाकार एकट्या गाडीचा सुमारे १ चौ. मी., तर कॅराव्हॅनसह २.२ चौ. मी. धरू. मग सपाट रस्त्यावर एकूण रोध ताशी ८० किमी.ला १,०३० न्यूटन आणि १०० किमी.ला १,४०० न्यूटन होतो. म्हणजे केवळ वेग १०० वरून ८० वर आणला की रोध चौथ्या हिश्शाहून अधिक कमी होतो. एवढी बचत करून देणारा एकही सुटा भाग बाजारात मिळत नाही.

सहा टक्के चढावर याच जोडीला वर ओढण्यासाठी आणखी २,०६० न्यूटन लागतात. ताशी ६० किमी.ने चढायचे तर चाकांशी सुमारे ४७ किलोवॉट, ८० किमी.ने चढायचे तर सुमारे ६९ किलोवॉट शक्ती हवी. सध्याच्या बहुतेक डिझेल एसयूव्ही यापेक्षा पुष्कळ अधिक शक्ती देतात. घाटात गाडी दमते, ती बहुधा उष्णता बाहेर टाकता न आल्याने किंवा चुकीच्या गिअरमुळे.

गिअरांची व्याप्ती : ओढण्याची ताकद आणि कमी इंधनखर्च हे परस्परविरोधी आहेत ही समजूत चार-पाच गिअरांच्या काळातली आहे. तेव्हा ट्रेलर ओढणाऱ्यांना क्राऊन-पिनियनचे (आसातील शेवटच्या गिअरजोडीचे) गुणोत्तर मोठे घ्यावे लागे आणि रिकाम्या गाडीलाही महामार्गावर जास्त फेऱ्यांचा भुर्दंड बसे. जनरल मोटर्सच्या चार गिअरी ४एल६०ई गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ आणि चौथ्याचे ०.७० होते. मागे ३.७३ चे क्राऊन-पिनियन असल्यास पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणाकार ११.४ व शेवटच्यात २.६१ येतो. झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीच्या २००९ मध्ये आलेल्या आठ गिअरी ८एचपी मालिकेत हीच गुणोत्तरे ४.७१ आणि ०.६७ आहेत. तिच्यामागे ३.२१ चे क्राऊन-पिनियन दिले तर गुणाकार १५.१ आणि २.१५ होतात. म्हणजे इंजिन तेच असले तरी सुटताना चाकांवर सुमारे ३२ टक्के अधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो आणि महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या सुमारे १८ टक्के कमी होतात. गेल्या काही वर्षांत ओढक्षमता आणि इंधनाची सरासरी दोन्ही एकदम सुधारल्या, त्यात या व्याप्तीचा वाटा टर्बोइतकाच, कदाचित त्याहून मोठा आहे. नवी गाडी निवडताना अश्वशक्तीआधी हे गुणाकार मांडून पाहावेत.

जुन्या गाडीत ३.५५ चे क्राऊन-पिनियन काढून ३.९२ चे बसवले तर टॉर्क सुमारे १० टक्के वाढतो, पण प्रत्येक गिअरमध्ये फेऱ्याही तितक्याच वाढतात. चारचाकी प्रणोद (फोर-व्हील ड्राइव्ह) असल्यास पुढचे व मागचे दोन्ही संच एकदम बदलावे लागतात. एकच बदलल्यास चारचाकी प्रणोद लावताच ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीत) ताण अडकून गिअर तुटतात. मोठे टायर याच्या उलट काम करतात : २६५/७० आर१७ च्या जागी २८५/७० आर१७ घातले की व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि चाकावरची ओढ तेवढी घटते. दिसायला रुबाबदार टायर घालून मग ताकद कमी पडते म्हणून इंजिनाचे रीमॅपिंग (संगणकातील नियंत्रण-आज्ञा बदलणे) करून घेणे हा उफराटा मार्ग होय. रीमॅपिंगने टॉर्क वाढतो हे खरे, पण लांब चढावर निकास वायूंचे तापमान आणि गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो, शिवाय वॉरंटी जाते.

हिचवरील भार : ट्रेलरचा दांडा हिचवर जो उभा भार टाकतो, तो किती असावा याबद्दल दोन परंपरा आहेत. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, ऑस्ट्रेलियात साधारण १० टक्के, तर युरोपात ५ ते ७ टक्के भार योग्य मानतात. अमेरिकी मताप्रमाणे पुढचा भार कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. युरोपीय मताप्रमाणे भारापेक्षा ट्रेलरमधले वजन आसाच्या किती जवळ एकवटले आहे हे महत्त्वाचे. भौतिकीच्या दृष्टीने दुसरे मत अधिक मूलगामी आहे, कारण दोन्ही टोकांना जड सामान ठेवलेला ट्रेलर हिचवर १२ टक्के भार टाकत असूनही एकदा झुलू लागला की लवकर थांबत नाही. मात्र युरोपातील कमी प्रमाण तेथील हलक्या कॅराव्हॅनी, झुलणे रोखणारे घर्षणाचे स्टॅबिलायझर आणि कमी वेग यांच्यासह चालते. ताशी १०० किमी.वर जाणाऱ्या जड ट्रेलरसाठी १० टक्क्यांच्या खाली न उतरणेच श्रेयस्कर. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावे. मागच्या बंपरवर सायकली आणि पाण्याची टाकी लटकवू नये.

हिचभाराचा परिणाम तरफेप्रमाणे होतो. चाकांमधील अंतर २.८ मी. आणि मागच्या आसापासून हिचच्या बॉलपर्यंतचे (ट्रेलर टेकतो त्या गोळ्यापर्यंतचे) अंतर १.२ मी. असेल, तर १५० किग्रॅ. हिचभाराने पुढच्या आसावरून ६४ किग्रॅ. वजन उचलले जाते व मागच्या आसावर २१४ किग्रॅ. वाढते. स्टीअरिंग हलके लागते, रात्री दिव्यांचा झोत वर जातो आणि पुढचे ब्रेक पुरेसे पकडत नाहीत. यावर भार वाटून देणारा हिच वापरतात. त्यातील स्प्रिंगसारख्या दांड्या पुढच्या आसावरचे गमावलेले वजन परत आणतात. निम्मे परत आणले की सहसा पुरते. जास्त ताणल्यास मागची चाके हलकी होऊन वळणावर गाडीची मागची बाजू घसरते. काही युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकेत असा हिच स्पष्टपणे निषिद्ध असतो. मागचे पाटे वा स्प्रिंग कडक केल्याने बसलेली गाडी उचललेली दिसते, पण पुढच्या आसावरचे वजन त्याने परत येत नाही.

सर्वाधिक चूक होते ती गाडीच्या भारवहनक्षमतेच्या हिशेबात. एखादी गाडी स्वतःवर ६०० किग्रॅ. वाहू शकते असे समजू. पाच माणसे ३७५, सामान १०० किग्रॅ. धरले की हिचसाठी १२५ किग्रॅ. उरतात; १० टक्क्यांच्या नियमाने ट्रेलर फार तर १,२५० किग्रॅ.चा. माहितीपत्रकात २,५०० लिहिलेले असले तरी. खात्री वजनकाट्यावर करावी : आधी माणसे-सामानासह फक्त गाडी, मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून. भार वाटणाऱ्या दांड्या या वेळी सोडवून ठेवाव्यात. दोन वजनांतील फरक म्हणजे हिचभार.

ट्रेलरचा आकार : वरच्या उदाहरणातील ट्रेलर २०० किग्रॅ.ने हलका केला तर सपाट रस्त्यावर जेमतेम २२ न्यूटन वाचतात. छप्पर खाली बसणारी कॅराव्हॅन घेऊन हवेच्या रोधाचा तो गुणाकार २.२ वरून १.६ चौ. मी.वर आला, तर ताशी १०० किमी.ला सुमारे २८० न्यूटन वाचतात. टपावर बसवायच्या वाऱ्याच्या पट्ट्यांचा उपयोग ट्रेलरची उंची व मधले अंतर नेमके जुळले तरच होतो. ट्रेलर जोडलेला नसताना तीच पट्टी रोध वाढवते.

कमी रोधाचा ट्रेलर ही कल्पना नवी नाही. ग्लायडर बांधणारा आणि अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या वैमानिक लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेला हॉली बोलस याने १९३४ च्या सुमारास ‘रोड चीफ’ हा ॲल्युमिनियमचा, विमानासारख्या कवचाचा ट्रेलर आणला. एअरस्ट्रीम कंपनीचा संस्थापक वॅली बायम याचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा ट्रेलर १९३६ चा. क्लिपर कितपत स्वतंत्र आराखडा होता याबद्दल मतभेद आहेत. बायमचा बोलसच्या व्यवसायाशी आलेला संबंध आणि दोन्ही कवचांतील साम्य पाहता, पुढचे दार बाजूला नेऊन केलेली ती सुधारित आवृत्ती असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शीतन व ब्रेक : स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा भाग) लॉक नसतो तेव्हा शक्तीचा बराच भाग तेलात उष्णता म्हणून जिरतो. टो-हॉल मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची खास रीत) असल्यास तो लावावा. तो कन्व्हर्टर लवकर लॉक करतो, सारखे वरखाली गिअर बदलणे थांबवतो आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक देतो. मोड नसल्यास वरचा गिअर हाताने बंद ठेवावा. जादा ऑइल कूलर मूळ कूलरनंतर, तेल परत नेणाऱ्या नळीवर बसवावा आणि त्यात थर्मोस्टॅटचा बायपास (तेल थंड असताना ते कूलरबाहेरून वळवणारी वाट) असावा. बायपास नसल्यास थंडीत तेल घट्ट राहून रोज थोडे इंधन वाया जाते.

ट्रेलरच्या विद्युत् ब्रेकचा जोर कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ३० ते ४० किमी. वेगात जुळवतात : ट्रेलरची चाके जेमतेम अडेपर्यंत वाढवून मग किंचित कमी करावा. ट्रेलर झुलू लागल्यास गाडीचा ब्रेक दाबू नये; ॲक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावावा. घासत राहणारे ब्रेक व कोरडे पडलेले बेअरिंग आवाज न करता इंधन खातात. थांब्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावे. एकच हब इतरांपेक्षा तापलेले असेल तर दोष तेथे आहे. वर्षातून एकदा बेअरिंग काढून ग्रीस बदलावे. ट्रेलरच्या टायरांत हवा भाराच्या तक्त्याप्रमाणे भरावी, कारण कमी हवेने टायर तापतो, फुटतो आणि झुलणेही वाढते.

भारतात : खाजगी मोटारीमागे ट्रेलर अजून विरळाच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. त्यामुळे बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हिच कायद्यातही बसत नाही आणि बळही चेसिसऐवजी पत्र्यावर घेतो. हिच बसवण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत ओढक्षमता दिलेली आहे का ते पाहावे. ती दिलेली नसल्यास किंवा ओढण्यास मनाई लिहिलेली असल्यास त्या गाडीला हिच लावू नये.