‘मॅक्सिमा’ नक्की कोण? : टँकमधल्या जायंट क्लॅमच्या नावाची पार्श्वभूमी

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, मिळणारे निळे-हिरवे छोटे जायंट क्लॅम (दोन टरफलांचे शिंपले) वर्षानुवर्षं ‘मॅक्सिमा’ म्हणूनच विकले गेले. त्यातले काही मॅक्सिमा नव्हतेच.

ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रायडॅक्ना नोए या जायंट क्लॅमच्या दोन प्रजातींची नावं १७९८ सालची. हॅम्बुर्गमधला एक शंखशिंपल्यांचा संग्रह विकायला काढला, त्याच्या छापील यादीत ती पहिल्यांदा आली. मॅक्सिमाला पुढे बराच काळ ‘इलाँगाटा’ही म्हणत, त्यामुळे जुन्या लेखनात हे नाव दिसलं तर गोंधळू नये. नोएचं नशीब मात्र वाईट. ‘हा मॅक्सिमाचाच एक प्रकार’ असं ठरवून विसाव्या शतकात ते नाव बाजूला टाकलं गेलं. शिंपल्यांवर काम करणाऱ्यांपुढे बहुतेक वेळा रिकामी टरफलं असायची आणि या दोघांची टरफलं खरोखरच सारखी दिसतात. फरक होता मँटलमध्ये, म्हणजे उघड्या टरफलांतून दिसणाऱ्या रंगीत मांसल पडद्यात, आणि तो पडदा क्लॅम मेल्यावर उरत नाही.

गंमत अशी की व्यापाऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या नजरेला हा फरक फार आधीच दिसला होता. मँटलच्या कडेला पांढऱ्या बारीक रेघेने वेढलेले थेंबासारखे ठिपके असलेल्या क्लॅमला ‘टिअरड्रॉप मॅक्सिमा’ म्हणत आणि थोडी जास्त किंमत लावत. २०१४ मध्ये तैवानकडच्या नमुन्यांचा डीएनए आणि जिवंत मँटल दोन्ही तपासून नोएला पुन्हा स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. नंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावरही, जिथे आधी मॅक्सिमाचीच नोंद होती, तिथे नोए असल्याचं दिसलं. या निर्णयाला ‘नुसती नावांची उलथापालथ’ म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. २०१४ पूर्वीच्या मॅक्सिमाच्या व्यापाराच्या नोंदींत नोए किती, हे आता वेगळं काढता येत नाही. कोणत्या प्रजातीवर किती ताण पडला, याचा हिशेबच त्यामुळे अर्धा राहिला आहे.

ओळखायचं असेल तर वरून, पंप बंद करून, मँटलची कड बघा. मॅक्सिमाच्या कडेला बारीक काळसर डोळ्यांची दाट रांग असते. नोएचे डोळे विरळ आणि ठिपके ठसठशीत. रंगावर अजिबात जाऊ नका.

जायंट क्लॅमच्या बाकीच्या प्रजातींची ओळख त्या मानाने सोपी. स्क्वामोसाच्या टरफलावर मोठे, एकमेकांपासून सुटे उभे खवले. डेरासा जवळजवळ गुळगुळीत. क्रोशिया खडक कोरून आत बसतो, म्हणून त्याचे खवले झिजलेले आणि खडकाला धरायचे धागे जिथून बाहेर येतात ते टरफलाचं खालचं भोक रुंद; ‘जायंट’ म्हणवूनही तो जेमतेम १५ सेंमीचा होतो. खरा गिगास मीटरभराच्या वर जातो, तो घरच्या टँकसाठी नव्हेच. हिप्पोपस असेल तर मँटल टरफलाच्या कडेबाहेर पसरत नाही.

या ओळखीवर जागा ठरते. क्रोशिया आणि मॅक्सिमा खडकाला बिससच्या धाग्यांनी घट्ट धरतात, त्यांना लाइव्ह रॉकवर (टँकमधल्या सूक्ष्मजीव वसलेल्या खडकांवर) वर, भरपूर प्रकाशात ठेवायचं. डेरासा, स्क्वामोसा वाळूवर चालतात आणि थोड्या कमी प्रकाशातही तगतात. धरून बसलेला क्लॅम ओढून काढू नये. धागे ब्लेडने कापावेत, नाहीतर मुळाशी जखम होऊन तो मरतो.

टँकमध्ये हे प्राणी टिकायला लागले ते १९८० च्या दशकानंतर. मांसासाठी झालेल्या उपशामुळे पालाऊ आणि ऑस्ट्रेलियात बीजोत्पादन सुरू झालं होतं. सेरोटोनिनचं इंजेक्शन देऊन हवं तेव्हा बीज सोडवता येऊ लागलं. १९८५ पर्यंत सगळे जायंट क्लॅम साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले होते. पॅसिफिक बेटांवरच्या हॅचरींतली पिल्लं मग टँकवाल्यांकडे येऊ लागली. मेटल हॅलाइड दिव्यांनी त्यांना जगवलं, आता ते काम एलईडी करतात.

याच काळात ‘५ सेंमीच्या आतल्या क्लॅमला फायटोप्लँक्टन घालायलाच हवं’ हा नियम रुजला (फायटोप्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल). त्याला आधार होता : १९९२ च्या एका अभ्यासात अगदी लहान गिगासची कार्बनची सुमारे ६५ टक्के गरज पाणी गाळून भागत होती, मोठ्यांची ३४ टक्के. पण हॅचरींत पिल्लं मुख्यतः उन्हावर, म्हणजे मँटलमध्ये राहणाऱ्या शैवालाने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर, वाढतात आणि पाण्यात थोडं अमोनियम घातलं की जोमाने वाढतात. म्हणून बाटलीतलं खाद्य ओतण्याआधी प्रकाश आणि नायट्रेट तपासावं, असं मला वाटतं. नायट्रेट शून्यावर आणलेल्या ‘चकाचक’ टँकमध्ये त्यांच्या शैवालाला नायट्रोजन कमी पडतो. टरफलासाठी कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि स्थिर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) हवी.

आपल्याकडे मॅक्सिमा आणि स्क्वामोसा २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. लक्षद्वीपच्या खडकांवर हे दोन्ही सापडतात. तिथून ‘लोकल पीस’ म्हणून कुणी देऊ केला तर तो घ्यायचा नाही, आणि परदेशी म्हणून विकणाऱ्याकडून आयातीची कागदपत्रं मागून घ्यायची.