डबल स्टँड, मोटारसायकलचा

मोटारसायकल सरळ उभी राहावी म्हणून इंजिनामागे, चासीच्या तळाशी आडव्या बोल्टवर फिरणारा दोन पायांचा टेकू. मधला स्टँड, सेंटर स्टँड ही पर्यायी नावे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक ब्रिटिश गाड्यांचा स्टँड मागच्या चाकाच्या आसाजवळ असे आणि चालवताना तो मडगार्डला अडकवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम२० व नॉर्टन १६एच या लष्करी गाड्यांवरही तोच होता. हा मागचा स्टँड वापरातून का गेला याविषयी एकमत नाही. मागच्या चाकाला सस्पेन्शन आले, आस वर-खाली हलू लागला, म्हणून स्टँड चासीच्या स्थिर भागाखाली न्यावा लागला, अशी उपपत्ती सर्रास दिली जाते. मात्र विन्सेंटच्या गाड्यांत मागे स्प्रिंग असूनही स्टँड मागचाच होता आणि १९४८ च्या बीएसए बँटमला मागे सस्पेन्शन नसतानाही मधला स्टँड होता. तेव्हा सस्पेन्शनपेक्षा एकट्या माणसाला गाडी सहज स्टँडवर चढवता येणे, हे कारण अधिक संभवते. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट, तसेच साधारणतः १९६० च्या दशकात आलेल्या म्हैसूरच्या जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत या गाड्या मधल्या स्टँडच्याच.

स्टँड लागला की त्याचे पाय बोल्टच्या बरोबर खाली न थांबता किंचित पुढे जाऊन स्टॉपरला अडतात. त्यामुळे गाडीच्या वजनाने तो मिटण्याऐवजी स्टॉपरवर दाबला जातो. बहुतेक गाड्यांत स्प्रिंगची ओढ बोल्टच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाते, म्हणून तीच स्प्रिंग चालत्या गाडीत स्टँड वर धरते. स्टॉपर झिजला किंवा बोल्टचे भोक लांबट झाले की पाय जास्त पुढे सरकतात, गाडी खाली बसते आणि मागचे चाक जमिनीला लागते. जुन्या बुलेटमध्ये मिस्त्री पुष्कळदा पायांची झीज समजून खाली लोखंडी पट्टी वेल्ड करतात. दोष वरच राहतो आणि गाडी चढवायला जड होते.

निवडताना चाकाचा आकार पाहावा. बुलेट स्टँडर्डचे चाक १९ इंची, येझदी रोडकिंगचे १८, जुन्या जावाचे १६. १९ इंची बुलेटचा स्टँड तसाच ठेवून १८ इंची चाक बसवल्यास चाक जमिनीपासून सुमारे अर्धा इंच जास्त उंच राहते. चेन ताणायला व पंक्चर काढायला बोटभर अंतर पुरते.

गाडी चढवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकल्याची खात्री करावी व भार आपल्या पायाने द्यावा, हाताने गाडी उचलू नये. मागच्या चाकाखाली इंचभर फळी असली तर काम हलके होते. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे.

विदर्भात, विशेषतः अकोला, अमरावती व बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत, एवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात एक पाय रुतला की गाडी त्या अंगाला कलंडते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात पाय सरळ भेगेत जातो. म्हणून धुऱ्यावर (बांधावर) किंवा पांधणीत (शेतवाटेत) दोन्ही पायांखाली मिळून एकच सागाची फळी किंवा फरशी घालावी. दोन सुटे दगड ठेवण्याची पद्धतही दिसते, पण एक दगड दबला की फळीचा फायदा राहत नाही. दुधाचे कॅन दोन्हीकडे लावलेल्या राजदूतला साइड स्टँड निरुपयोगी: सगळा भार डावीकडे झुकतो आणि स्टँडचा बारीक पाय मातीत शिरतो.

स्टँडवरच्या गाडीवर बसून किक मारल्याने पाय फाकतात आणि चासीचे कान (स्टँडचा बोल्ट धरणारे भाग) वाकतात. कान वेल्ड करायचे झाल्यास आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात व पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी.