संत्र्याचा स्वीटनर आणि पोटातला स्टार्च: ग्राहकांसाठी माहिती

मस्जिद बंदरच्या आमच्या दुकानात औषधी सिरप बनवणारे येतात, बेकरीवाले येतात, घरून लाडू-बर्फी विकणाऱ्या ताई येतात. निओहेस्पेरिडिन डीएचसी, म्हणजे बोलीत ‘एनएचडीसी’, हा साखरेऐवजी वापरायचा स्वीटनर. त्याबद्दल हल्ली सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: “हा संत्र्यापासून होतो ना? मग भात-पोळीची साखर रक्तात जायची थांबते का?” नाही, थांबत नाही. कृपया लेबलवर तसं छापू नका.

हा पदार्थ कडू संत्र्याच्या सालीतून येतो. आपलं नागपुरी संत्रं वेगळं. त्या सालीतल्या निओहेस्पेरिडिन या कडवट द्रव्यावर अल्कली आणि हायड्रोजनची प्रक्रिया केली की ते अतिशय गोड होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले होरोविट्झ आणि जेंटिली फळांच्या कडवटपणाचा अभ्यास करत असताना १९६३ साली हे सापडलं. मूळ फळातलं असलं तरी माल कारखान्यात रूप बदलून तयार होतो, म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्दही जपून वापरा.

आता स्टार्च. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची लांब साखळी तोडायला लागलेलं असतं. जठरातल्या आम्लात त्याचं काम थंडावतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज उरलेलं तोडतं. त्यातून माल्टोजसारखे छोटे तुकडे होतात, आणि आतड्याच्या अस्तरातली एन्झाइम्स त्यांचं ग्लुकोज करतात. मधुमेहात डॉक्टर देतात ती अकार्बोज ही गोळी याच कामाला खीळ घालते. फळझाडांतली अनेक फ्लेव्होनॉइड्सही (वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्यं, निओहेस्पेरिडिन त्यांतलंच एक) प्रयोगशाळेत अमायलेजला मंद करतात, त्यामुळे एनएचडीसीही तसंच करत असेल असं वाटणं साहजिक आहे.

पण झालं उलटं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डुकराच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजवर एनएचडीसी टाकलं, तर एन्झाइमचा वेग वाढला, जास्तीत जास्त तिपटीपर्यंत. स्टार्च जिथे तुटतो ती जागा अडवण्याऐवजी हा रेणू एन्झाइमला दुसरीकडे चिकटतो आणि त्याचं काम सोपं करतो, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. बुरशीच्या आणि जिवाणूच्या अमायलेजवर मात्र हा परिणाम दिसला नाही. पावाच्या पिठात बुरशीचं अमायलेज घालणाऱ्या बेकरीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग हा स्वीटनर शुगर वाढवतो का? तसंही म्हणता येणार नाही. तिपटीचा वेग दिसला तेव्हा प्रमाण लिटरला सुमारे ३ ग्रॅम होतं. युरोपात कमी कॅलरीच्या शीतपेयांसाठी ठरलेली कमाल मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरावा हिस्सा. शिवाय तो प्रयोग परीक्षानळीतला, जेवलेल्या माणसावरचा नव्हे. त्याच्या जोरावर कुणाला घाबरवणं जितकं चूक, तितकंच ‘शुगर कंट्रोल’ म्हणून माल विकणंही चूक.

आम्हाला खरी काळजी वेगळीच आहे. साखरेऐवजी स्वीटनर घातलेल्या रव्याच्या लाडवात रवा तेवढाच असतो आणि त्याचं ग्लुकोज होतंच. घरातल्या मधुमेही माणसाने ‘शुगर-फ्री’ वाचून चार लाडू खाल्ले तर त्याला फसवल्यासारखं होईल. म्हणून एकूण कार्बोहायड्रेटचा आकडा मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत छापा. एफएसएसएआय, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ‘शुगर-फ्री’ लिहिता येत नाही. खजुराचे लाडू इथेच बाद होतात.

वापराबद्दल थोडं. एनएचडीसीची गोडी उशिरा लागते आणि ज्येष्ठमधासारखी जिभेवर रेंगाळते, त्यामुळे एकट्याने वापरू नका, दुसऱ्या स्वीटनरच्या जोडीने अगदी थोडं घाला. औषधाचा कडूपणा झाकायला मात्र ते उत्तम. थंड पाण्यात ते नीट विरघळत नाही, गरम पाण्यात आधी विरघळवून घ्या. खाद्यपदार्थात घालणार असाल तर त्या पदार्थासाठी परवानगी आहे का, हे ऑर्डर देण्याआधीच तपासा. पदार्थाचं नाव आणि लेबलचा कच्चा मसुदा घेऊन दुकानात आलात तर आम्ही तुमच्यासोबत बसून वाचू, त्याचे पैसे घेत नाही.